सकाळच्या बातम्या आणि ओवीची वेणी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर टाइमपास म्हणूनच वाचतोय. देवळासमोरून जाताना हात जोडतो, तेवढंच. बाकी आत्मा, संकेत वगैरेंवर आपला काडीचा विश्वास नव्हता... आता आहे का, ते मला विचारू नका. जे झालं ते सांगतो.

आम्ही अंजूरचे, भिवंडी तालुक्यातले. जिथे आमची भाताची शेतं होती तिथे आता गोडाऊन आहेत, आणि त्यातल्याच एकात मी डिस्पॅच सुपरवायझर आहे. माझी बायको सारिका एका मराठी न्यूज चॅनलवर सकाळच्या बातम्या द्यायची. सुरुवातीला तिला हवामान आणि ट्रॅफिक दिलं होतं. नकाशासमोर उभं राहून 'कशेळी पुलावर वाहनांच्या लांबच लांब रांगा' असं सांगायचं. घरी येऊन हसायची — "त्याच रांगेतून मी येतंय, नि मलाच सांगाया लावतात!" मग पेपरांतले मथळे वाचायचं काम मिळालं, आणि शेवटी मेन अँकरची खुर्ची. गावात पेढे वाटले होते आम्ही.

टीव्हीवर ती एकदम शुद्ध बोलायची. "नमस्कार, शुभ सकाळ." घरात मात्र आमची गावची बोली — हाय, न्हाय, आणि लेकीला लाडाने 'बाय'. ओवीला, म्हणजे आमच्या मुलीला, वाटायचं की आईला दोन आवाज आहेत. एक ड्युटीचा, एक घरचा.

चॅनलची गाडी पहाटे यायची, तेव्हा ओवी झोपलेली असायची. त्यामुळे सकाळची आई तिला टीव्हीवरच भेटायची. दुधाचा ग्लास घेऊन समोर बसायची आणि आईने नमस्कार केला की ही पण करायची. वेणी मात्र आईकडूनच. सारिका संध्याकाळीच घट्ट घालून ठेवायची, कारण माझा हात लागला की "बाबा ओढतात!" म्हणून घर डोक्यावर.

मागच्या वर्षी डेंग्यूने सारिका गेली. ताप आला, प्लेटलेट्स कोसळल्या, आठवडाही मिळाला नाही. ओवीला आम्ही गणेशपुरीला तिच्या मामाकडे पाठवलं होतं. परत आली तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार? कुणीतरी म्हणालं, "आई ड्युटीवर हाय." मीही मान डोलावली.

मग रोज तेच. सकाळी ही टीव्हीसमोर. सारिकाच्या खुर्चीत आता रेवती बसायची, आधी हवामान सांगणारी मुलगी. ओवी विचारायची, "आज पण आई दुसऱ्या ड्युटीवर?" मी हो म्हणायचो. केसांना कुणाला हात लावू देत नव्हती. "आई घालेल." केसांचा पार गुंता झाला होता, शाळेतून चिठ्ठी आली. बालवाडीतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तिला सांगा आता." मी रोज ठरवायचो... आणि रोज तोंडातून शब्द फुटायचा नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बाहेर रेवतीच्या बातम्या चालू होत्या, कुठल्यातरी रस्त्याच्या कामाबद्दल. मध्येच ती थांबली. लाइट गेली असं वाटलं मला. आणि मग आवाज आला —

सारिकाचा. ड्युटीचा नाही, घरचा.

गाळणी हातातून सुटली. मी बाहेर येईपर्यंत फक्त शेवटचं कानावर पडलं, "...बाबाकडून घालून घे, बाय."

स्क्रीनवर रेवती होती. कॅमेऱ्याकडे एकटक बघत. मग तिने मान हलवली, "क्षमस्व" म्हणाली आणि पुढची बातमी सुरू केली.

ओवी उठली. टीव्ही तिने स्वतः बंद केला. आत जाऊन कंगवा घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"ओवी... कोण बोललं गं?"

"आई. बोलली, मी आता घरा येवाची न्हाय. रडलीस तरी चालंल. पन येनी बाबाकडून घालून घे, बाय."

मग ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी पण. गुंता सोडवायला अख्खी सकाळ गेली, पण एकदाही ती "ओढतात" म्हणाली नाही.

चॅनलवाले बुलेटिन यूट्यूबवर टाकतात. मी ते कितीतरी वेळा बघितलं. रेवती थांबते, कॅमेऱ्यात बघते. आवाज नाही. नुसती शांतता.

न राहवून मी तिला फोन केला. सारिकाच्या दिवसांना ती घरी येऊन गेली होती, त्यामुळे नंबर होता. मी काय ऐकलं ते सांगितलं नाही, फक्त विचारलं, तेव्हा काय झालं होतं?



"दादा, प्रॉम्प्टर चालू होता. अक्षरं दिसत होती. कानात प्रोड्युसर ओरडत होते, वाच, वाच. पण मला वाटलं, खुर्चीच्या मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालं... जरा थांब गं."

"आवाज कुणाचा?"

"ताईंचा," ती म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, शोकात मेंदू असे खेळ करतो. असेलही. पण तीन माणसांच्या मेंदूंनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच मिनिटाला? आणि माझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते पोरीला कुणी सांगितलं? 

ओवी आता सकाळी कार्टून मागते. तिला सांगायचं ते सांगून झालं. पण मी ऐकलं ते चारच शब्द, आणि तेही माझ्यासाठी नव्हते. म्हणून ओवी शाळेत गेली की मी बातम्या लावतो. भाव, अपघात, पाऊस, काय चाललंय ते कळत पण नाही. रेवती नुसती श्वास घ्यायला थांबली, तरी मी खुर्ची पुढे ओढतो.