सूर्यकांतचा ठेका

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून शेजारचे वलीभाई घरी आले की आमच्या भिंतीपलीकडे दोघे जण वाजवायला बसत. एक बेस गिटारवर, एक ड्रमवर. घरात माणूस मात्र एकच असे. त्यांची मुलगी जुलेखा शारजाच्या दवाखान्यात नर्स. ट्रॅफिकमधून सुटून ती येईपर्यंत यांची मैफल चाले.

दुबईच्या करामा भागात नव्याने राहायला आलो तेव्हा मी तावातावाने त्यांची बेल दाबली होती. म्हटलं, "तुमच्या त्या ड्रमवाल्याला सांगा, माझं डोकं उठलंय."

"सांगितलं असतं, ताई," वलीभाई म्हणाले. "पण तो जाऊन तीस वर्षं होत आली."

मग त्यांनी मला आत बोलावून टेबलावरचं डब्याएवढं काळं मशीन दाखवलं. बटण दाबलं की त्यातून ड्रम वाजत. चहा झाला, भांडण राहूनच गेलं.

वलीभाई दापोलीकडचे. गावात सांगत, हॉटेलात नोकरी आहे. ते खोटं नव्हतं. फक्त नोकरी बर दुबई भागातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये बेस वाजवायची होती, एवढंच ते गाळत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत त्यांनी कॅसेटी ऐकून उचललं. त्यावर बोलायला लागले की त्यांना आवरणं कठीण.

"पहिले रिदम अँड ब्लूज, नाचायला. मग त्यात चर्चचं गाणं शिरलं, त्याचं सोल झालं. सोलमध्ये गाणारा राजा. फंक आलं आणि राजाबिजा खलास! सगळी वाद्यं मिळून ठेका धरतात. बेस आणि ड्रम म्हणजे तर मियां-बीवी, एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. मग मशीन आलं आणि ड्रमवाल्यांच्या पोटावर पाय आला."

त्यांच्या ड्रमवाल्याचं नाव सूर्यकांत, नाशिकचा. एक दिवस मॅनेजर हे मशीन घेऊन आला आणि म्हणाला, ड्रमर स्लो आहे, ठेका मागे पडतो. सूर्यकांतने जाण्यापूर्वी आपले सगळे ठेके मशीनमध्ये भरून द्यायचे होते. आपली जागा घेणाऱ्याला आपणच शिकवून जायचं! हे ऐकून मला त्या मॅनेजरचा असा संताप आला. सूर्यकांतने मात्र मुकाट्याने बोटांनी ठेके वाजवून भरले, नाशिकला गेला, लग्नाच्या बँडमध्ये लागला आणि दुसऱ्याच वर्षी झोपेत गेला.

"मॅनेजर बोलला तेव्हा मी खाली बघत राहिलो," वलीभाई म्हणाले. "स्लो तर तो होताच ना, ताई. त्याचा दुसरा ठोका कायम मागून यायचा. ऐका... येतोय... आला!"

खरंच, कुणीतरी उंबऱ्यावर क्षणभर थांबून आत यावं तसा तो ठोका यायचा. हॉटेलचा बँड मोडला तेव्हा वलीभाईंनी ते मशीन मागून आणलं होतं. मेलेल्या माणसाबरोबर दर शुक्रवारी वाजवत होते.

यंदा मशीनच्या आतला सेल उतरला. नवा टाकायचा तर मशीनची आठवण पुसली जाणार. माझा नवरा निनाद जाहिरातींच्या जिंगल्स करतो. तो म्हणाला, आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. निनादला तिरकं काही खपत नाही. दारातल्या चपलासुद्धा ओळीत लावतो. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मशीन देताना वलीभाई दारातून हलेनात. "त्याला सांभाळ, बेटा," म्हणाले.

दोन दिवसांनी आम्ही मशीन आणि लॅपटॉप घेऊन गेलो. वलीभाईंनी गिटार मांडीवर घेतली. निनादने ठेका लावला. दुसरा ठोका थेट आला, उंबऱ्यावर न थांबता. वलीभाईंचा हात तारांवरच राहिला.

"हा कोण?"

"सेल वीक होता, म्हणून मशीन मागे पडत होतं," निनाद खुशीत सांगू लागला. "मी सगळे ठोके सरळ केले."

"मूळचं ठेवलंयस ना?" मी विचारलं. त्याने ठेवलं नव्हतं. जुना सेलही काढून झाला होता. त्याच्या त्या सगळ्या चपला खिडकीतून भिरकावून द्याव्यात असं मला वाटलं.

निनादचा चेहरा उतरला. "एक ठेका जसाच्या तसा आहे, वलीभाई. त्याला मी हात लावला नाही. आधीपासूनच एकदम करेक्ट होता."

त्याने तो लावला. संथ, नितळ, प्रत्येक ठोका जागच्या जागी. सूर्यकांतच्या बोटांचा, पण कुठेही मागे न पडणारा.

वलीभाई बराच वेळ ऐकत राहिले. "या गाण्यात मी नव्हतो," ते हळूच म्हणाले. "बाई गायची, पियानो असायचा. मी किचनमध्ये चहा प्यायला जायचो."

मग त्यांनी निनादला सरळ केलेला ठेका पुन्हा लावायला सांगितला आणि बेस वाजवला. बेस मागे पडला. पुन्हा वाजवला. पुन्हा मागे. निनादने आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"स्लो मी होतो," वलीभाई म्हणाले. "तो माझ्यासाठी थांबायचा. मॅनेजरला एक शब्द बोलला असता तर मी घरी गेलो असतो. बोलला नाही. शिवाय नोकरी सोडून जाताना मशीनलाही थांबायला शिकवून गेला, माझी नोकरी टिकावी म्हणून. आणि मी खाली बघत होतो."

त्यांच्या गिटारवर पाणी पडलं, ते त्यांनी सदऱ्याने पुसलं. आम्ही उठून आलो. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या शुक्रवारी मी भिंतीशी कान देऊन बसले. सरळ ठेका सुरू झाला. बेस त्याच्यामागे धावत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. मध्येच वलीभाईंचा आवाज आला, धाप लागल्यासारखा.

"सूर्या, थांब ना रे. आलो, आलो."

ठेका थांबला नाही.