बाबांच्या मांडीवर बाळ

माझ्या दादाच्या मुलाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका नातवाला, बाबांनी आठ महिन्यांत एकदाही हातात घेतलं नव्हतं. घेऊ दिलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं. पण आमच्या घरात असं स्पष्ट कोणी बोलत नाही. आमच्याकडे 'झोपलाय आत्ता' असं म्हणतात.

बाबांना कंपवात आहे. दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि बाबा पंचक्रोशीतल्या शाळेत मास्तर होते. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघायला इतर वर्गांतली मुलं यायची. सुपारी तर ते इतकी पातळ कातरायचे की आई म्हणायची, तोंडात टाकली तरी कळत नाही. आता त्यांची सुपारी आई कातरून देते आणि चहाचा कप अर्धाच भरते. बारशाच्या दिवशी त्यांनी बाळासाठी हात पुढे केले. ते हात हलताना वहिनीने पाहिले आणि ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत निघून गेली. "झोपलाय आत्ता," जाताजाता म्हणाली. बाळ टक्क जागं होतं. तेव्हापासून बाळ समोर आलं की बाबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात आणि लांबूनच त्याच्याशी बोलतात.

मला वहिनीचा राग यायचा. माझा राग लपत नाही, भांडी जरा जोरात घासली जातात. आई म्हणायची, गप्प बस, तिचं ती बघेल. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

क्रूझची टूम दादाची. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर सगळ्यांनी तीन दिवस जायचं. दादाचं कुटुंब, आईबाबा, मी आणि माझी अडीच वर्षांची मुलगी. माझ्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, किंवा त्याने ती नीट मागितली नाही. बाबा आधी नकोच म्हणाले. "समुद्र वाडीच्या मागे आहे. तो बघायला मुंबईला कशाला जायचं?" मग दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन केला. येतो म्हणाले, आणि बाळ याआधी कधी बोटीत बसलंय का ते विचारलं. दादा म्हणाला, नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की बाबांच्या मनात काय आहे.

आमच्या घरात एक रीत आहे. मूल पहिल्यांदा पाण्यावर जातं तेव्हा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने त्याला मांडीवर घेऊन बसायचं, नारळ पाण्यात सोडायचा आणि हे मूल कोणाचं ते पाण्याला सांगायचं. आईचं माहेर खाडीपलीकडे, मुरूडच्या बाजूला. तिथून मला होडीने आणायचं होतं तेव्हा आजोबा मुद्दाम पलीकडे गेले आणि मला मांडीवर घेऊन आले. माझ्या मुलीला बाबांनी दिघीच्या फेरीबोटीत घेतलं होतं. तेव्हा त्यांचे हात बरे होते. आता या नातवाची पाळी होती. रीत म्हटल्यावर वहिनीला नाही म्हणता येणार नाही, असा त्यांचा हिशेब असणार. मागून मिळत नाही ते असं तरी मिळेल.

लहान मुलांना घेऊन जहाजावर जायचं म्हणजे अर्धं घर उचलून न्यायचं. दुपटी, बाटल्या, लंगोट, मऊ भातासाठी छोटा कुकर, जो पुढे कोणी लावूच दिला नाही, आणि माझ्या मुलीचा एक फाटका उशीचा अभ्रा, ज्याच्याशिवाय ती झोपत नाही. बाबांच्या पिशवीत एकच गोष्ट होती. वाडीतला, शेंडी राखून सोललेला नारळ, खणात गुंडाळलेला. वादळात आमची बरीच झाडं गेली. जी राहिली त्यातल्या जुन्या माडाचा तो नारळ त्यांनी स्वतः उभं राहून काढून घेतला होता.

बंदरावर सामान तपासायच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक गोल काळा गोळा दिसत होता. दोन माणसं आली, मग तिसरा आला. खण सोडला तर आत नारळ.

"काका, नारळ नाय चालत," सुरक्षारक्षक म्हणाला.

"आमच्याच वाडीतला आहे," बाबा म्हणाले. जणू त्याने शंका मिटणार होती.

"कुठलाही असू दे. जहाजावर न्यायला परवानगी नाय. आणि समुद्रात काही टाकायचं पण नाय."

मागे रांग खोळंबली होती. माझी मुलगी पट्ट्यावर चढायला बघत होती. दादा घामाघूम झाला होता. तो चिडून म्हणाला, "बाबा, हे जहाज आहे, दिघीची होडी नाही. राहू द्या ना." खरं तर आमच्या घरातल्या कोणीही हीच चूक केली असती. पासपोर्टसारखा जपून नारळ आणायचा आणि तो अडवतील हे कोणाच्या डोक्यातही येणार नाही. बाबांनी खण तेवढा परत मागितला. घडी घालायला त्यांना वेळ लागला. रक्षक थांबला, त्याने घाई केली नाही. मला त्या क्षणी दादाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

जहाज पाहून मात्र मी दिपले. लहान मुलांचं तिथे सगळं वेगळं. खोलीत पाळणा आणून देतात, जेवणाच्या टेबलापाशी उंच खुर्ची देतात. पोहण्याच्या तलावात लंगोटातली मुलं सोडत नाहीत, म्हणून माझी मुलगी काठावर बसून अर्धा तास रडली आणि मग एका परक्या आजींच्या ताटातले चिप्स खाऊन गप्प झाली. आई प्रत्येक जिना चढताना "केवढं हे" म्हणत होती. बाबा कठड्याशी उभे होते. किनारा मागे सरत होता. ते आईला म्हणाले, "थळ गेलं असेल एव्हाना." आईने नुसती मान हलवली. नारळाचं कोणीच काढलं नाही.

संध्याकाळी जहाज डुलायला लागलं आणि वहिनीला बोट लागली. दादाला तिच्याही आधी लागली. आमची आई, जन्मभर खाडी ओलांडत आलेली बाई, तीसुद्धा लिंबू हुंगत पडून राहिली. माझ्या मुलीने माझ्या अंगावर दोनदा उलटी केली. ताठ उभे होते फक्त बाबा. सगळेच धरून धरून चालत होते, त्यामुळे त्या एका संध्याकाळी आमच्यात आणि त्यांच्यात काही फरक उरला नव्हता. ते सगळ्यांना पाणी आणून देत होते. अर्धं सांडत होतं, पण अर्धं पोचत होतं.

बाळ रडायला लागलं. वहिनीला बसवत नव्हतं. मी माझ्या मुलीला धुवत होते. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "मी खाली बसतो, जमिनीवर. इथे दे. जमिनीवरून पडून पडणार कुठे?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, भिंतीला धरत दाराबाहेर गेली आणि मुलांच्या खेळघरातल्या एका बाईंच्या हातात बाळ देऊन आली. त्या बाईंना आम्ही दुपारी पहिल्यांदा पाहिलं होतं. आमची भाषाही त्यांना येत नव्हती. बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेलेच होते. उठताना त्यांना पलंगाच्या कडेचा आधार घ्यावा लागला. "बरं केलंस," ते म्हणाले. "त्यांना सवय असते."

ते त्यांच्या खोलीत गेले आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, "परकी बाई चालते, आणि बाबा चालत नाहीत?"

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे पुष्कळ तयारी होती. पण ती पलंगावर आडवी पडून छताकडे बघत बोलत राहिली. बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं, हे मला माहीत होतं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेही माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला त्याला हात लावू देत नव्हते. मग एक दिवस नर्स घ्या म्हणाली, आणि माझे हात इतके थरथरले की तिने मला बाजूला केलं. थांबा म्हणाली, पाडाल. बाबांचे हात बघितले की मला माझेच हात दिसतात. त्या बाईंचे हात हलत नाहीत. एवढंच."

मी उठले. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि बाळाला आणायला गेले. इतके महिने मी हिच्यावर भांडी आपटली होती, पण तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

पुढचा दिवस शांत गेला. बाबा बाळाशी लांबूनच बोलले. हात मांड्यांखालीच होते.

तिसऱ्या दिवशी परतताना समुद्र अगदी सपाट होता. ऊन वर आलं होतं. किनारा आता उजव्या हाताला होता, धुरकट डोंगरांची एक रांग. बाबांना डेकवरच्या त्या आरामखुर्च्या मानवत नव्हत्या. त्यांनी कठड्यापाशी सावलीत टॉवेल पसरला होता आणि ओटीवर बसावं तसे ते आणि आई बसले होते. मी मुलीला केळं भरवत होते. वहिनी बाळाला घेऊन आली आणि उभी राहिली.

"बाबा, इथून दिवेआगर दिसतं?"

"नाही दिसत गं," बाबा म्हणाले. "श्रीवर्धन मागे गेलं. आता समोर असेल आपलंच, पण मला ओळखता येत नाही. पूर्वी कोळी म्हणायचे, माडांवरून कळतं. ते माड आता कुठे आहेत?"

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "ते तुमचं नारळाचं राहून गेलं."

"नारळ नसला तरी चालतं," बाबा म्हणाले. "माणूस लागतं." आणि एवढं बोलून ते घाईने पुढे म्हणाले, "पण माझं राहू दे. तू दिलं नाहीस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. परवा बोललो खरं जमिनीवर बसतो म्हणून. नंतर खोलीत जाऊन हात बघत बसलो. माझाच भरवसा नाही मला त्यांचा. ती रीत तुझ्या सासूला करू दे."

आईने तोंड फिरवलं. मला रडू आलं आणि रागही आला, या वेळी नेमका कोणाचा ते मात्र कळलं नाही. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर बाबा स्वतःच नको म्हणत होते.

वहिनी खाली बसली. अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. "हात काढा बाबा," ती म्हणाली.

"अगं नको."

"काढा."

त्यांनी मांड्यांखालचे हात काढले. ते हलत होते, नेहमीपेक्षा जास्तच. वहिनीने बाळाला त्यांच्या मांडीवर बसवलं, त्यांचे हात बाळाच्या पोटाशी आणून ठेवले आणि स्वतःचे दोन्ही हात बाळाखाली तसेच धरून ठेवले. तिचे हातही हलत होते. बाळाने एकदा वर मान करून बाबांच्या हनुवटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या आईकडे. ते रडलं नाही. माझी मुलगी केळं विसरून बघत राहिली.

 घसा साफ करून बाबांनी पाण्याकडे पाहिलं. वर्गात हजेरी घ्यायचे तसा त्यांचा आवाज निघाला, जरा मोठाच. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या माणसांनी वळून पाहिलं.

"हा आमच्या घरचा," ते म्हणाले. "लवकर आला, पण आला. याची ओळख ठेव."

इथे रीत संपते. याच्यापुढे काही म्हणायचं नसतं. मला वाटलं, आता बाळ परत देतील. पण ते थांबले, आणि मग अगदी हळू, आम्हालाच जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि ही याची आई. फार भ्यालेली आहे. हिला आता आणखी भिववू नकोस."

वहिनी मान खाली घालून बसली होती. तिने बाळाखाली धरलेले आपले हात काढून घेतले.