जुन्नरचे भित्रे चाचा

चाचांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे तिथेच ते कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. कुणी पेन ड्राइव्ह आणली, तर विंचू धरावा तशी ती दोन बोटांत धरायचे. "आत काय बसलंय, कुणाला ठावं?"

मी शिनोलीला शिक्षिका. माझ्या जुन्या लॅपटॉपवर भावाने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, पण वायफाय चालेना. चाचांनी तारेने इंटरनेट जोडलं, वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवून घेतला आणि त्याची सीडीही करून ठेवली. "सिस्टिम अपडेट केली का हे परत रुसणार, बाई. तवा नेटच नसंल तर ड्रायव्हर आणणार कुठनं?"

वायफाय सुरू झालं तशी मी कौतुकाने त्यांना माझी वेबसाइट दाखवली. तालुक्यातल्या रक्तदात्यांची यादी होती ती: नाव, गाव, रक्तगट, फोन. चाचांचा चेहरा उतरला.

"पोरींचे नंबर असे उघड्यावर? पासवर्ड काय ठेवलाय?"

मी सांगितला. गावाचंच नाव.

"एवढ्याशा साइटवर कोण येणार, चाचा?"

"माणूस न्हाई येत. मशीन फिरतंय दारोदार, कड्या हलवत. त्याला लहान-मोठं कळत न्हाई."

पुढच्या आठवड्यात बदलू, असं म्हणून मी निघाले. नंतर ते राहूनच गेलं.

एका दुपारी आहुप्याच्या अंगणवाडीताईचा फोन आला. "बाई, सकाळधरनं परके पुरुष फोन करत्यात. माझं नाव, गाव, समदं ठावं हाय त्यांना. लई घाण बोलत्यात."

शाळेच्या कॉम्प्युटरवर मी साइट उघडली. यादीच्या जागी एक अश्लील चित्र, आणि त्याखाली फक्त बायकांची नावं आणि नंबर. माझा पासवर्ड चालेना.

लॅपटॉप घेऊन जुन्नर गाठलं, तर वीज गेलेली. दुकानातलं इंटरनेट बंद. समोरच्या डॉक्टरांकडे इन्व्हर्टरवर वायफाय चालू होतं, पण दोनच दिवसांपूर्वी मी सिस्टिम अपडेट केली होती. लॅपटॉपला ते दिसेना. तेवढ्यात आणखी दोघींचे फोन आले. एकीवर नवऱ्याने हात उगारला होता. मला रडू फुटलं.

"आधी बंद करू, मग रडा," म्हणत चाचांनी खणातून सीडी काढली. टाइप करताना ते तीनदा चुकले. चौथ्यांदा वायफाय लागलं. साइटची जागा जिथून भाड्याने घेतली होती, तिथल्या खात्याचा पासवर्ड वेगळा होता; त्यात शिरून त्यांनी अख्खी साइटच बंद केली.

साइट गेली, नंबर मात्र फिरत राहिले. ताईच्या सासऱ्यांनी तिचा फोन काढून घेतला, अंगणवाडीही सोडायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मी आहुप्याला निघाले तर चाचा शिनोलीच्या एसटी स्टँडवर हजर. घाटात ते डोळे मिटून दांडा घट्ट धरून बसले होते.

ताईच्या अंगणात चार-पाच पुरुष उभे होते. चाचाच पुढे झाले.

"बाबा, पोरीची चूक न्हाई. कुलूप आमचं कच्चं व्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

सासरे बोलले, पुष्कळ बोलले. चाचांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी दाराआडच्या सुनेकडे न बघताच सासरे म्हणाले, "नंबर बदल, आन् जा उद्यापास्नं कामाला."

जिच्यावर हात उगारला गेला, ती बाई मात्र पुढे माझ्याशी कधी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

परतताना मी विचारलं, "चाचा, तिथं भीती नाही वाटली?"

"लई वाटली. पण ती दाराआड उभी व्हती ना. तिच्याएवढी न्हाई वाटली."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. साइट मी पुन्हा सुरू केली. तिच्यावर एकच नंबर आहे, माझा; दात्यांची यादी माझ्या वहीत. अनोळखी नंबरचा फोन वाजला की अजूनही भीती वाटते. तरी मी उचलते.