सातव्या तुकड्याची मोजणी

हौशीराम मालपोटे यांचा व्यवसाय कुठल्याही फॉर्मवर एका शब्दात लिहिता येत नाही. आंदर मावळात करवंदेवाडीच्या वर लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. सराव सुरू होण्याआधी तिथल्या टेकडीवर लाल निशाण चढवायचं आणि खालच्या वाड्यांना गुरं आवरायला सांगायचं. सराव संपून जवानांनी मैदान तपासलं की तोफगोळ्यांनी पाडलेले खड्डे मोजून मातीने बुजवायचे. एकतीस वर्षं हे रोजंदारीवर चालू आहे. फौज खड्डे पाडते, हौशीराम ते बुजवतात; दोघांनी एकमेकांबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

तोफ थांबली की तो सगळा डोंगर गप्प होतो. पाखरं नाहीत, किडे नाहीत. फक्त सातव्या तुकड्यात पाखरं बोलत राहतात. तोफ चालू असतानाही. नवे अधिकारी पहिल्या वर्षी हे बोलून दाखवतात. दुसऱ्या वर्षी बोलत नाहीत.

सातवा तुकडा म्हणजे देवराई. कागदावर ती देवराई कधीच नव्हती. लष्कराने जमीन घेतली तेव्हा नकाशावर बारा तुकडे पाडले, त्यातला हा सातवा, एवढंच. आत हिरडा, जांभूळ, आंबा, मांडीएवढे जाड गारंबीचे वेल, आणि मधोमध देव. म्हणजे चेहरा न कोरलेला, शेंदूर फासलेला दगड. इथलं वाळलेलं पानसुद्धा घरी न्यायचं नाही आणि इथली झाडं मोजायची नाहीत. जेवणाऱ्याच्या ताटातल्या भाकरी मोजत नाहीत, त्यातलाच प्रकार.

दोन वर्षांपूर्वी मैदानाची झीज भरून काढायला निधी मिळणार असं ठरलं. उतारांवरची माती वाहून जाते, खालचे ओढे गाळाने भरतात. तेव्हा गवत लावावं, बांध घालावेत, टार्गेटं आलटून-पालटून ठेवावीत, म्हणजे जमिनीला विसावा मिळेल. पुढची पाच वर्षं देखभालही त्यातूनच. योजना खरोखर चांगली होती. निधी देणाऱ्यांना फक्त आधी झाडं मोजून हवी होती.

मोजणीचं काम घेतलेले लोक चौथ्या तुकड्यापर्यंत चढले. मग तक्ते हौशीरामांच्या हाती देऊन ते खाली चहाला बसले. हौशीरामांनी अकरा तुकड्यांतलं झाडन् झाड मोजलं आणि सातव्याचा रकाना कोरा ठेवला. त्यांच्या लेखी तो देवाचा मान होता. कॉम्प्युटरने तिथे शून्य भरलं.

अंतिम प्रस्ताव लिहायला लोणावळ्याहून पद्मजाबाई आल्या. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. प्रस्तावात एक सुबक वाक्य आधीच तयार होतं: झाडं नसलेल्या सातव्या तुकड्यात सर्व टार्गेटं हलवावीत, म्हणजे उरलेल्या उतारांवर गवत धरेल. बाईंनी ते वाक्य वाचलं, मान वर केली आणि समोरच्या उतारावरचं काळंहिरवं रान बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हौशीरामांना बोलावून घेतलं.

ऐकल्यावर हौशीराम तिथेच उकिडवे बसले. बाईंनी मैदानाच्या मेजरसाहेबांना फोन केला. ते सरळ गृहस्थ होते, त्यांनाही जमीन वाचवायचीच होती. फोटो चालत नाही, म्हणाले. फोटोत हिरवं दिसतं आणि गवतही हिरवंच असतं. शुक्रवारपर्यंत आकडा द्या, तुकडा वगळतो.

म्हणजे मोजलं तर देवाचा गुन्हा, न मोजलं तर देवावर तोफ. हौशीरामांनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांची बायको भागुबाई चुलीपुढून म्हणाल्या, "एकतीस वर्सं खड्डे मोजले. आता देव मोजा."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गुरुवारी सकाळी अकराला दोघं राईपाशी पोचले. चपला बाहेर काढल्या. बाई आत यायला निघाल्या, तर हौशीरामांनी हात आडवा केला.

"नगं, मॅडम. काय लागायचं ते मला लागू द्या."

ठरलं ते असं: हौशीराम प्रत्येक खोडाला चुन्याचं एक बोट लावून आकडा ओरडणार, बाई बाहेर दगडावर बसून खूण करणार. आतून "एक" ऐकू आलं आणि राईतली पाखरं गप्प झाली. एकदम, कोणी दार लावून घ्यावं तशी. बाईंनी घड्याळात वेळ पाहून समासात टिपून ठेवली.

आकडे संथ येत राहिले. मधून मधून हौशीरामांचा कोरडा खोकला येई. एकशे त्रेचाळीसची खूण करताना बाईंच्या कागदावर सावली पडली. शेजारी हौशीराम उभे होते. पलीकडच्या अंगाने बाहेर पडून, वळसा घालून आले होते. एका हातात चुन्याचं भांडं, दुसऱ्याची बोटं पांढरी.

"म्होरं न्हाई व्हत, मॅडम," ते म्हणाले. "जीबच उचलंना."

"एकशे चव्वेचाळीस," राईतून आवाज आला. हौशीरामांचाच. पाठोपाठ खोकला.

बाईंनी हयातभर हजेरी घेतली होती. आवाज आला की खूण करायची, हे हाताला ठाऊक होतं. त्यांनी खूण केली. हौशीराम त्यांच्याजवळ खाली बसले आणि आपलाच आवाज ऐकू लागले. पाऊण तास दोघं तसे बसले होते. भर उन्हात बाईंनी पदर अंगाभोवती गच्च ओढून घेतला. दोनशे सव्वीसला आवाज थांबला आणि पाखरं पुन्हा बोलू लागली.

आत कोण आहे, ते पाहायचं का, असं बाईंनी विचारलं.

"तुमी जावा," हौशीराम म्हणाले.

बाई गेल्या नाहीत.

शुक्रवारी मेजरसाहेब स्वतः पडताळणीला आले. खोडं दोनशे सव्वीसच भरली आणि प्रत्येकावर चुन्याचं बोट होतं. एकशे त्रेचाळीस खोडांवर ते छातीच्या उंचीला होतं. बाकीच्यांवर घोट्याच्या उंचीला. साहेबांनी वाकून पाहिलं आणि इतक्या खाली का, असं विचारलं.

"माझी वरची," हौशीराम म्हणाले. "खालची ज्याची त्यानं मोजली."

साहेबांनी सही केली. त्यांना लवकर खाली उतरायचं होतं.

सातवा तुकडा वगळला गेला, निधी आला. उतारांवर आता गवत धरलंय, ओढ्याचं पाणीही निवळलंय. निधीची अट एवढीच की दरवर्षी मोजणी व्हावी. अडचण अशी की हौशीरामांना त्या दिवसापासून एकशे त्रेचाळीसच्या पुढे मोजता येत नाही. गुरं, विटा, काहीही. तिथे जीभ थांबते. ते हाताने खूण करून समोरच्या माणसाला पुढचं मोजायला सांगतात.

यंदा माघात मोजणीच्या दिवशी त्यांनी चुन्याचं भांडं राईच्या कडेला ठेवलं, हात जोडले आणि घरी येऊन जेवायला बसले. बाई बाहेरच्या दगडावर कागद घेऊन होत्या. पहिला घास तोंडात असतानाच डोंगरावरून आकडे सुरू झाले. भागुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि जरा कान दिला.

"आवाज बसलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "राच्याला काढा घ्या."

आकडा दोनशे सत्तावीस आला. बाईंनी तो तसाच पुढे पाठवला. निधी देणाऱ्यांनी वाढीबद्दल समाधान कळवलं, आणि पुढच्या चार वर्षांसाठी मोजणारा हाच ठेवावा, अशी सूचना केली.