शुक्रवारची चांगली बातमी

बेलापूरच्या त्या ऑफिसात आम्ही दोन टेबलं भाड्याने घेतली होती. आजूबाजूला आमच्यासारख्याच नवख्या कंपन्या. कॉफी फुकट आणि ओळखी त्याहून फुकट. कॉलेजातला मित्र आणि मी, वाशीच्या बाजारातून भाजी आणून, चिरून तुर्भे-महापेच्या कॅन्टीनना पोचवायचो. पोचवायचो म्हणजे धडपडायचो. भाड्याचा टेम्पो ऐन वेळी दगा द्यायचा आणि कॅन्टीनवाले एकेक करून गळत होते. मित्राने पक्की नोकरी सोडली होती, त्याच्या बायकोला दिवस गेले होते. वेळेवर येणारा एक टेम्पो मिळाला असता, तर आम्ही तरलो असतो.

दर शुक्रवारी संध्याकाळी तिथली मॅनेजर सगळ्यांना पॅन्ट्रीत गोळा करायची. समोसे यायचे. प्रत्येक कंपनीने उभं राहून आठवड्यातली एक चांगली बातमी सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. रडगाणं चालायचं नाही. "निगेटिव्ह काही नको हं, प्लीज," ती गोड हसून म्हणायची. मला त्या हसण्याची चीड यायची, पण समोसे मी सोडत नव्हतो.

मित्र झकास बोलायचा. "ऑर्डरी इतक्या आहेत की नाही म्हणावं लागतंय." टाळ्या. मग शेजारच्या टेबलावरच्या ताई उठायच्या. उलव्याकडच्या गावातल्या. जमिनीच्या पैशातून त्यांनी टेम्पो घेतले होते, बेकऱ्यांचा पाव पोचवायला. "गाड्या दिवसभर फुल हायत," त्या सांगायच्या, "येक पन मोकली नाय." पुन्हा टाळ्या.

आम्ही रोज एकत्र जेवायचो. त्यांच्या डब्यातली सुकट मी हक्काने घ्यायचो. टेम्पोचं मात्र कधी विचारलं नाही. ज्यांचं इतकं जोरात चाललंय, त्यांच्यापुढे आपलं रडगाणं कशाला गायचं?

शेवटचं कॅन्टीनही गेलं आणि आम्ही टेबलं सोडली. मॅनेजर म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबा, छान निरोप देऊ. आम्ही थांबलो नाही. सामान घेऊन खाली आलो, तर ताई स्वतःचा टेम्पो घेऊन दारात उभ्या. भाडं नको म्हणाल्या.

"आज मोकळा कसा काय?" मी विचारलं.

"रोजच मोकला असतो. सकाली पाव उतरला का दिवसभर उबा." त्यांनी मागचं दार उघडलं. "आता इकायला काढल्यात सगल्या गाड्या. तुमाला इचारनार व्हते, काय काम हाय का. पन तुमचा येवरा मोटा धंदा, मनात बोलले, तुमच्याकरं गाड्या असतीलच."

मी मित्राकडे पाहिलं नाही. टेम्पो आतून स्वच्छ होता, पावाचा वास येत होता. आमचे भाजीचे सगळे क्रेट आत मावले आणि तरी निम्मी जागा उरली. मित्र ती उरलेली जागा बघत राहिला, मग फुटपाथवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.