जहाजाचं परसदार

मोठ्या जहाजावरच्या सहलीला जावं का, असं मला अजूनही लोक विचारतात. बीदरमधल्या आमच्या मैलूरच्या गल्लीतून त्या काळी तसल्या जहाजावर जाऊन आलेल्या दोघीच, मी आणि माझी नणंद. विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते, सुट्टीसाठी जाताय की काही बघायला? सुट्टीसाठी जायचं असेल तर गुडघे आणि पोट तपासून घ्या आणि जा. बघायला जायचं असेल तर जरा बसून बोलू. आम्ही बघायला गेलो होतो.

बीदरमध्ये आमचं बियाणं आणि खतांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आमच्या यांच्याकडे, साठा, बिलं आणि कंपन्यांशी पत्रव्यवहार माझ्याकडे. नव्वदनंतर बियाण्यांच्या नव्या कंपन्या आल्या, तशा त्यांच्या बक्षिसांच्या योजनाही आल्या. आधी भिंतीवरचं घड्याळ, मग मिक्सर, मग गोव्याची सहल. पुढे एका कंपनीने जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांना जोडीने सिंगापूरला न्यायचं आणि तिथून एका प्रचंड जहाजावर फिरवून आणायचं ठरवलं. फुकट. मला या शब्दाचं वावडं आहे. गाणगापूरला बसमधून उतरलं की दुकानदार म्हणतात, चपला इथे ठेवा, पैसे नाहीत. चपला ठेवल्या की लगेच हातात नारळ-फुलांचं ताट येतं.

एरवी मी ते पत्र फाइलला लावून विसरले असते. पण त्याच उन्हाळ्यात हैदराबादहून मुलीचा फोन आला. ती तिथे हॉटेलचं शिक्षण घेऊन एका मोठ्या स्वयंपाकघरात काम करत होती. तिची अशाच एका जहाजावर निवड झाली होती. कंपनी दुसरी, जहाज दुसरं, पण जात तीच. सात-आठ महिने समुद्रावर, मग घरी, मग पुन्हा समुद्रावर. पोरगी हट्टी, तरी आमच्या होकाराशिवाय जाणार नव्हती. उत्तर दसऱ्याच्या आत द्यायचं होतं.

मुलगी द्यायच्या आधी आमच्यात घर बघायला जातात. पुरुषमाणसं ओसरीवर बसून जमिनीच्या गोष्टी करतात. खरं बघणं बायकांचं. आमच्या भावकीत ते काम माझ्या नणंदेचं, म्हणजे अक्काचं. अक्का यांच्याहून मोठी. तरुणपणी सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली ती कोहिनूर गावच्या आमच्या शेतावरच राहिली. तेव्हापासून तिने घर बघितल्याशिवाय आमच्यातली एकही मुलगी दिली गेलेली नाही.

तिची पद्धत ठरलेली. गेल्या गेल्या पाणी मागायचं आणि ते कुठून आणतात ते बघायचं. मग हात धुवायच्या निमित्ताने परसदारी जायचं. मोरी, खरकटी भांडी, जळण सगळं डोळ्याखालून घालायचं. शेवटी घरातली सगळ्यात धाकटी सून गाठायची आणि तिला काल रात्री काय खाल्लंस ते विचारायचं. "कशी हायस म्हणलं की बरी हाय म्हणतीच," अक्का सांगायची. "काय खाल्लीस म्हणलं की आठवावं लागतंय." माझे सासरे मेंढरं राखायचे. कळप विकत घेताना ते पुढच्या गुबगुबीत मेंढ्या बघत नसत. सगळ्यात मागून लंगडत येणारी असते ती बघत. अक्काची नजर तिथली.

यांनी एका दमात निकाल दिला. "ऐन पेरणीत मी दुकान सोडत न्हाई. तुम्ही दोघी जावा. स्थळ बघायला बाप्ये काय कामाचे?"

"जहाज म्हंजे स्थळ हाय व्हय?" मी विचारलं.

"पोरगी जायची हाय न्हवं तिथं?" अक्का म्हणाली. "मग स्थळच."

कंपनीला नाव बदलायला मी राजी केलं. अक्काचा पासपोर्ट घाईने काढला. सामानाची यादी केली: कडक भाकरी, शेंगाची चटणी, पोटाची औषधं, दोन लुगडी जास्तीची.

बंदरावर जहाज बघून मी आधी ते जहाज मानलंच नाही. मागची सरकारी इमारत असावी असं वाटलं. चढताना दारातच कुणीतरी आमचा फोटो काढला. न मागता काढलेला फोटो, म्हणजे ताट हातात आलं, हे मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी तो विकायला लावलेलाच होता. पासपोर्ट काढून घेतले आणि हातात एक कार्ड दिलं. सगळा खर्च त्या कार्डावर, पैसे हाताळायचेच नाहीत. माणसाच्या हातून नोट सुटताना त्याला कळतं. कार्ड दाखवताना कळत नाही. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांना ते चांगलं ठाऊक असणार.

दुकानदारांना दिलेल्या खोल्यांना खिडकी नव्हती. भिंतीवर पडदा होता, अक्काने तो सारला तर मागे भिंतच. "आँ? पडदा कामून लावलाय मग?" ती म्हणाली. नंतर तिने मोरी उघडली. "एवढं मोठं घर आन मोरी एवढी. हितं लुगडं नेसायचं म्हंजे एक पाय भाईर ठेवाया लागतंय."

मग तिने पाणी मागितलं. बाटली आली, आणि तिचे पैसे कार्डावर चढले. अक्काने ती बाटली सहल संपेपर्यंत उघडली नाही.

चांगलंही होतं, आणि ते मी दाबून ठेवणार नाही. जहाज इतकं मोठं की हलत नाही. ज्यांना बस लागते त्यांनी खुशाल जावं. सामान एकदा उघडायचं आणि एकदा बांधायचं, लॉज आपल्याबरोबर चालतो. म्हाताऱ्या माणसांना चाकाच्या खुर्चीतून कुठेही नेतात आणि तोंड वाकडं करत नाहीत. आणि दोन बायका एकट्या फिरताना बघून तुमची माणसं कुठायत, असं त्या अख्ख्या जहाजावर आम्हाला कुणी विचारलं नाही. हा फायदा मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेला नाही, पण माझ्या हिशेबात तो सगळ्यात वर आहे.

उलट बाजूला, समुद्र दिसत नाही. तो बघायला लिफ्टसाठी थांबावं लागतं आणि वर गेलं तर पोहण्याच्या तलावाभोवती इतकी गर्दी की पाण्याकडे पाठ करूनच सगळे बसलेले. बंदर आलं की उतरायला रांग, चढायला रांग. मधे जमीन किती वाट्याला येते ते तुम्हीच बघा. खाण्याच्या मजल्यावर सकाळपासून अन्नाचे डोंगर. मी फिरत होते ते लोकांच्या ताटात किती उरतं ते बघत. अक्का फिरत होती ती वेगळ्याच कामाने. तिला परसदार सापडत नव्हतं.

शेवटी सापडलं. आमच्या मजल्यावर गालिच्याच्या टोकाला एक दार होतं, त्यावर फक्त कामगारांसाठी अशी लाल पाटी. अक्का त्याच्यासमोर कठड्याला टेकून उभी राहिली, गुडघा दुखतोय असं दाखवत. दार उघडलं तेव्हा मीही बघितलं. आत गालिचा नाही. राखाडी रंगाचे पत्रे, उघडे पाइप, चादरींच्या गाड्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या उभ्या काहीतरी चावणारी तीन-चार पोरं. दार मिटलं.

"घर हितनं सुरू होतंय," अक्का म्हणाली. "आतापतूर आपण वसरीवरच हिंडायलोय."

आमची खोली आवरायला एक मुलगी यायची. दार्जिलिंगच्या बाजूची, हिंदी बोलणारी, आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. रोज टॉवेलचा एक प्राणी करून पलंगावर ठेवायची. पहिल्या दिवशी हत्ती होता. मला कौतुक वाटलं, अक्काला संशय आला. "एवढ्या खोल्या आवरायच्या आन वर हत्ती करायचा? तिच्या मनानं न्हाई करायली ती. कुणीतरी लावलंय."

मी मुलीला विचारलं, काम कसं आहे. ती हसली. "सब अच्छा है, मैडम."

"बघ," अक्का मला मराठीत म्हणाली. "धाकटी सून." आणि मग आमच्याकडच्या दखनी हिंदीत, थेट मुलीला, "कल रात को क्या खाई बेटी?"

मुलीच्या हातातली उशी थांबली. हसू तसंच राहिलं, पण डोळे आठवायला गेले. "कल... ब्रेड," ती म्हणाली. "चलते-चलते."

"और आज?"

ती पुन्हा उशीला खोळ घालू लागली.

अक्काने पिशवीतून कडक भाकरी काढली, त्यावर चटणी ठेवली आणि पलंगाच्या कडेवर हात आपटला. "बैठ. नक्को-बिक्को मत बोल. बैठ के खा."

घर बघायला गेलं की त्या घरच्या सुनेला आपल्या डब्यातलं खायला घालायचं, हेही अक्काच्या पद्धतीतलंच. सासूच्या देखत घालायचं; सासू काय करते ते बघायचं असतं. मुलीने दाराकडे दोनदा बघितलं. दार उघडंच होतं, खोली आवरताना ते उघडंच ठेवावं लागत असे. मग ती अगदी कडेवर बसली. भाकरी मोडली, चटणी लावून तोंडात घातली, आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. "मेरी माँ भी..." ती म्हणू लागली.

दारात एक माणूस उभा होता. काळा कोट, छातीवर पट्टी. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही. आम्हाला नमस्कारासारखं काहीतरी करून हसला. मुलगी उठून उभी राहिली. घास तिच्या तोंडात होता आणि ती चावत नव्हती. तसाच गाल फुगलेला ठेवून ती त्याच्यामागून निघून गेली. उशी अर्धी खोळीबाहेर राहिली.

दुसऱ्या दिवशी खोली आवरायला एक मुलगा आला. ती कुठे आहे विचारलं तर म्हणाला, तिची ड्यूटी दुसऱ्या बाजूला लागली आहे. टॉवेलचा हंस केला होता.

मी खाली काउंटरवर गेले. माझं इंग्रजी कंपन्यांच्या पत्रांपुरतं आहे, पण त्यात मी स्पष्ट सांगितलं: तिला आम्हीच बसवलं, आम्हीच खायला दिलं, तिची काही चूक नाही. काउंटरवरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, सगळं अगदी छान आहे, मॅडम, तुम्ही मजा करा. मी विचारलं, तिला शिक्षा झाली का? ती म्हणाली, सगळं छान आहे. तेच हसू, तेच वाक्य. खरंच काही झालं नसेल, किंवा बरंच काही झालं असेल. त्या वाक्यातून दोन्हींपैकी काहीच बाहेर येत नव्हतं.

उतरताना वरच्या कठड्याशी कामगारांची रांग हात हलवत उभी होती. अक्काने हात वर केला. रांगेतल्या एकीने जरा जास्त हलवला असं मला वाटलं. पण सगळ्यांचा तोच गणवेश, तोच अंबाडा. तीच होती का, मी सांगू शकत नाही.

विमानात मी कागदावर दोन बाजू मांडल्या आणि खाली नकार लिहिला. अक्काला दाखवला तर तिने तो वाचला नाही.

घरी मुलगी येऊन बसलेलीच होती. घर बघून आलेल्या माणसाचं पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. यांनी तांब्या पुढे केला, आम्ही प्यालो. मग मी सगळं सांगितलं, उशी खोळीबाहेर राहिली तिथपर्यंत, आणि म्हटलं, "माझं न्हाई हाय."

"आई, मी खोल्या आवरायला न्हाई, स्वयंपाकघरात जायलेय," मुलगी म्हणाली.

"मग तर झालंच. रांधणारीच शेवटाला जेवती."

ती अक्काकडे वळली. "आत्या, तू सांग."

अक्काने पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे तिला."

यांनी आणि मी एकदमच तिच्याकडे बघितलं.

"परसदार वंगाळ हाय," अक्का म्हणाली. "घरचे ग्वाड बोलत्यात, ते त्याहून वंगाळ. असलं स्थळ असतं तर मी पानी पण न घेता उठले असते. पर ही नांदायला न्हाई जायली. हिच्या कागदावर परत यायची तारीख हाय न्हवं?"

"हाय," मुलगी म्हणाली.

"माझ्या येळला मला असली तारीख कुणी सांगितली न्हवती. तारीख ठावं असती तर म्या बी दिवस काढले असते." मग तिने मुलीच्या दंडाला चिमटा घेतला. "पर भाकरी नेयाची. आन बसून खायाची. उभ्यानं खाल्लीस आन मला कळलं, तर मी येते तिथं. मला दार ठावं हाय."

माझा नकार तेव्हाही पूर्ण गेला नव्हता. पण घर बघणारीने हो म्हटल्यावर आमच्यात दुसऱ्याचं चालत नाही. मुलगी दसऱ्यानंतर गेली. अक्काच्या ट्रंकेसारखीच एक पेटी नेली, चाकांची.

जहाजावरून मोबाइल लागत नसे. बंदर आलं की ती फोन करायची. पहिला फोन आला तेव्हा अक्का शेतावरून आलेली होती आणि शेंगा निवडत बसली होती. मी कशी आहेस वगैरे विचारलं नाही.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"डाळ-भात," मुलगी म्हणाली. "बसून."

उत्तर फार लवकर आलं. आठवावं लागलंच नाही.

"कशावर बसून?" मी विचारलं.

पलीकडे कुठेतरी भांडी आपटत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. अक्काने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि फोनसाठी हात पुढे केला.