कुंदाताईंची मोटर लावलेली सायकल

कुंदाताईंचा आणि माझा परिचय एका तुटलेल्या चेनमुळे झाला. भांडुपला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली हत्यारांची पेटी आणि पंक्चर तपासण्याचे पाण्याचे घमेले. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी साठीच्या घरातल्या एक बाई सायकल ढकलत आल्या. मागे चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, टोपली बांधलेली होती. हातात लोंबणारी चेन त्यांनी माझ्या पुढ्यात टाकली.

"दादूस, ही तुटली."

"दिसते आहे," मी म्हणालो.

"दिसतंय तर बघत काय बसलास? माल जिवंत हाय तोवर जोड!"

मी चेन जोडू लागलो. तेवढ्यात टोपलीतून एक चिंबोरी सुटली आणि माझ्या घमेल्यात जाऊन बसली. तिला बाहेर काढताना तिने माझा अंगठा धरला. कुंदाताईंनी अंगठा सोडवला, पण आधी चिंबोरीची नांगी शाबूत आहे याची खात्री करून घेतली. अशी आमची ओळख झाली.

कुंदाताई कोळी समाजाच्या. खाडीच्या कडेने तिवरांच्या झाडीत त्या फग, म्हणजे चिंबोऱ्या धरण्याची जाळी, लावतात. तेथून रस्त्यापर्यंत मिठागराच्या बांधावरून दोन किलोमीटर कच्ची वाट आहे. चाळीस वर्षे त्यांनी ही वाट डोक्यावर पाटी घेऊन तुडवली. मग डॉक्टरांनी सांगितले की मानेचे मणके झिजले आहेत, यापुढे डोक्यावर ओझे घ्यायचे नाही. त्यांचा मुलगा केतन मालाडला एका कंपनीच्या कार्यालयात कामाला आहे. तो म्हणाला, "आई, आता बास. घरात बस." त्यावर कुंदाताई म्हणाल्या, "घरात बसून काय करू? भिंतीला फग लावू?" आणि त्यांनी घाटकोपरहून सायकलला लावायची मोटर आणली.

ही मोटर पायडलपाशी, सायकलच्या मधोमध बसते. पायडल जी चेन ओढतात तीच चेन मोटरही ओढते. हँडलची मूठ पिळली की सायकल आपोआप निघते. डांबरी रस्त्यावर हे ठीक चालते. बांधावर मात्र खारा चिखल असतो, आणि उघाडीपाशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापाशी, बांध एकदम चढतो. कुंदाताईंची चेन नेमकी तेथेच तुटत असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक छापील कागद दिला. तो घाटकोपरच्या दुकानदाराने मोटरसोबत दिला होता आणि मराठीत होता. कुंदाताईंना अक्षरओळख होती, परंतु इतक्या बारीक अक्षरांना चष्मा लागला असता. चष्मा लावला की माणूस म्हातारा होतो असे त्यांचे मत होते.

"वाच आणि सांग, यात काय चुकतंय."

मी कागद उलगडला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि म्हणालो, "यात सगळे बरोबर आहे." मग तो घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. मला तेव्हा वाचता येत नव्हते. चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केलेल्या माणसाला हे सांगणे जड गेले. ही माझी चूक होती व ती मी येथे लिहून ठेवतो.

यानंतर जे घडले ते माझ्या कारागिरीला शोभणारे नाही. चेन तिसऱ्यांदा तुटल्यावर मी जाड चेन घातली. जाड चेन तुटली नाही, पण तिने मागच्या फ्रीव्हीलचे दाते खाल्ले. मी चांगल्या पोलादाचे फ्रीव्हील आणले. मग मोटरच्या ओढीने मागचे चाकच पुढे सरकून तिरके झाले. मी चाकाचे नट दोन्ही बाजूंनी आवळून त्यांना अडसर लावला. मग चाकाचे आरे तुटले. नवे आरे ओवले, तर पुन्हा चेन तुटली. एका घरातून हाकललेला पाहुणा शेजारच्या घरात जातो, तिथून हाकलला की परत पहिल्या घरी येतो, तसे चालले होते.

कुंदाताईंची जाऊ रत्नप्रभा मासळीची पाटी घेऊन माझ्या दुकानासमोरच बसते. तिला या सर्व प्रकारात मोठी करमणूक मिळत असे.

"काय गं कुंदे, आज घोडा लंगडला की मेला?"

"तुझ्या कोळंबीपेक्षा ताजा हाय अजून!" कुंदाताई म्हणत.

"मोटर घेतली की मोटर ढकलायला घेतली?"

"तू बस बघत. एक दिवस राणीसारखी बसून येईन, पाय न हलवता!"

हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

अखेर कुंदाताईंनी स्वतःचा उपाय केला. पूर्वी त्यांचे वडील होडीच्या लाकडाला मुशीचे, म्हणजे लहान शार्क माशाचे, तेल लावत. कुंदाताईंचे म्हणणे असे, की ज्या तेलाने लाकूड चाळीस वर्षे खाऱ्या पाण्यात टिकते, त्याने लोखंडाला काय होणार? त्यांनी चेनला मुशीचे तेल भरपूर लावले. दुसऱ्या दिवशी त्या बांधावरून आल्या तेव्हा मागे सहा मांजरे चालत होती. एक मांजर माझ्या पेटीवर चढून बसले आणि दुपारपर्यंत उठले नाही. शिवाय तेलाला चिखल चिकटून चेन दुप्पट जाड झाली.

"दादूस, हसू नको."

"मी हसलो नाही, ताई."

"मांजर हसलं काय मग?"

पावसाळा संपला तेव्हा केतन स्वतः माझ्या दुकानी आला. सभ्य मुलगा आहे. तो म्हणाला, "धर्माकाका, पुढच्या शनिवारी मी रजा घेतोय. त्या दिवशी आई बांधावरून माल घेऊन येऊ दे. चेन तुटली तर सायकल भंगारात जाईल, फग रत्नप्रभाकाकूकडे जातील, आणि आई घरी बसेल. तिने कबूल केलंय." कुंदाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

त्याच सुमारास मी बुद्धविहारातल्या प्रौढ साक्षरता वर्गाला जात होतो. तेथे हेमांगीबाई आम्हांला शिकवतात. त्या आठवड्यात त्यांनी सांगितले, की प्रत्येकाने घरातला एखादा छापील कागद आणून मोठ्याने वाचावा. कोणी रेशनचा कागद आणला, कोणी औषधाचे वेष्टन. मी पेटीच्या तळातला तो घडी केलेला कागद नेला. अक्षरांखाली बोट ठेवून मी वाचले:

"चढावर, चिखलात किंवा उभ्या जागेवरून निघताना आधी पायडलच्या दोन फेऱ्या माराव्या व सायकल हलल्यावरच मूठ हळूहळू पिळावी. नुसत्या मोटरवर निघाल्यास झटका बसून चेन, फ्रीव्हील व आरे तुटतात."

मी तेथेच थांबलो.

"छान वाचलंत," हेमांगीबाई म्हणाल्या. "पुढे वाचा."

मला पुढचे दिसेना. चेन, फ्रीव्हील, आरे. माझी आजवरची सगळी दुरुस्ती त्या एका ओळीत, त्याच क्रमाने, छापलेली होती.

मी तसाच कुंदाताईंच्या घरी गेलो. त्या अंगणात फग विणत होत्या. मी कागद वाचून दाखवला, आणि पहिल्या दिवशी तो वाचला नव्हता हेही सांगितले.

"मग 'सगळं बरोबर हाय' कशाला बोललास?"

"लाज वाटली, ताई."

फगासकट त्यांनी हात वर केला. मला वाटले, आता फग डोक्यात बसणार.

"मना पण चष्म्याची लाज वाटली," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. पण पायडल मी मारणार नाय."

"दोनच फेऱ्या आहेत, ताई!"

"दोन काय, अर्धी नाय! पायडल मारायचं तर मोटर कशाला? सगळ्या कोळीवाड्याला सांगितलंय, पाय न हलवता येते म्हणून. रत्नप्रभा मरेपर्यंत बोलून दाखवेल. आणि ती लवकर मरणारी नाय."

मी पुष्कळ विनवणी केली. त्यांनी फग विणणे चालू ठेवले.

शनिवारी केतन रस्त्यावर उभा होता आणि त्याने भंगारवाल्यालाही बोलावून ठेवले होते. रत्नप्रभा पाटी सोडून उठली होती. मी नवी चेन घातली होती, मुशीचे तेल पुसून साधे तेल दिले होते. दुकान बंद करून मी उघाडीच्या चढापाशी जाऊन थांबलो. चढाच्या पलीकडचे रस्त्यावरून दिसत नाही. तेथे मी एकटाच होतो.

त्या सकाळी चेन तुटली नाही. कुंदाताई रस्त्यावर पोहोचल्या त्या ताठ बसून, दोन्ही पाय स्थिर. भंगारवाला चार चिंबोऱ्या घेऊन गेला. केतनने सायकलवरची टोपली सोडून आपल्या हातात घेतली. फग अजून कुंदाताईंकडेच आहेत, आणि ती चेनही अजून तीच आहे. चेन कशाने टिकली असे कोणी विचारले, तर कुंदाताई "मुशीचं तेल!" एवढेच सांगतात. रत्नप्रभाने आपल्या मुलाच्या सायकलला ते तेल लावल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

हे सर्व लिहू का, असे मी कुंदाताईंना विचारले. आता त्या चष्मा लावतात. त्या म्हणाल्या, "लिही, पण तेलाचं सोडू नको." म्हणून तेलाचे लिहिले. परवानगी मिळाली आहे, म्हणून राहिलेली एक गोष्टही लिहितो.

त्या शनिवारी उघाडीच्या चढाखाली, खाडीच्या बाजूला, कुंदाताईंची सायकल चिखलात थांबली. मागे टोपली, समोर चढ. त्यांनी मूठ पिळली नाही. उजवा पाय उचलून पायडलवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"दादूस," त्या म्हणाल्या, "तू जरा तिकडं तोंड कर."